'एम्बँकमेंट'ला बंधारा म्हणावं का?

तापीकाठ: धुळ्यातल्या विद्यार्थ्यांसाठी एका जुन्या नकाशाची चिन्हसूची मराठीत करतोय. मैलाला एक इंच प्रमाण, भाग पेण-अलिबागचा. धरमतर खाडी आणि भातखाचरं यांच्यामधून दातेरी काळी रेघ जाते, तिला 'एम्बँकमेंट' म्हटलंय. मी 'बंधारा' लिहिलं, तर एका जाणत्या दादांनी खोडलं. का बरं?

फडकरी: बरोबर खोडलं! पांझरेवरचा बंधारा नदीला आडवा असतो. पाणी अडवायचं, पाटात चढवायचं, मग पाटकरी फडाफडाला, म्हणजे शेतांच्या एकेका गटाला, देणार. आमच्याकडे "पाटले पानी उनं का?" हाच प्रश्न. खाडीवर सगळी खटपट खारं पाणी आत येऊ नये म्हणून. बंधारा वाचून साक्रीचं पोरगं अर्थ उलटाच लावेल. बांध लिहा.

काळीमाती: बांध म्हणजे दोन शेतांची हद्द, निम्म्या भाऊबंदक्या त्याच्यावरूनच. 'तटबंध' हा नेटका मराठी शब्द असताना मोडतोड कशाला?

खारवाट: मी पेणची, आता जळगावात. तटबंध आमच्याकडे कोणाच्या तोंडी नाही. आम्ही बांध किंवा खारबांध म्हणतो. उधाणाला तो फुटला की जमीन खारवते आणि पावसाने धुऊन निघेपर्यंत भात धड येत नाही. त्या बांधात उघाडी असते. भरतीच्या दाबाने तिची झडप मिटते, ओहोटीला शेतातल्या पाण्याने उघडते. नकाशात कुठे 'स्लुइस' दिसलं तर तिथे उघाडीच लिहा, हात जोडून सांगते. असे शब्द सूचीतून गेले की पुढच्यांना कळणार कुठून? बांधाच्या आत जी जमीन पिकते ती खार. १९७९च्या कायद्यातही 'खारभूमी' हाच शब्द आहे.

काळीमाती: म्हणजे अकोल्याकडचा खारपाणपट्टाच की.

फडकरी: नाही हो. तो पूर्णेच्या खोऱ्यातला. तिथला खारेपणा जमिनीखालच्या पाण्यात, समुद्राचा काय संबंध?

काळीमाती: मूळ 'क्षार' एकच ना? मग शब्दही एकच.

फडकरी: मूळ एक असलं म्हणून विहीर आणि खाडी एक होत नाही.

तापीकाठ: खारबांध घेतो, कंसात 'भरतीचं पाणी थोपवणारा'. आता बांधाबाहेरच्या चिखलपट्टीला खाजण म्हणू?

खारवाट: हो, आमच्याकडे तिवरं उगवतात ते खाजण.

काळीमाती: गोव्यात तर खाजणात बांधाच्या आत भात पिकतं!

खारवाट: नकाशा पेणचा आहे, गोव्याचा नाही.

काळीमाती: पण वाचणारं पोरगं धुळ्याचं आहे. त्याने कुठलं खाजण समजायचं?