प्रतिसाद : साखर फारसीतून नाही आली, उलट तिकडं गेली

वर कुणीतरी लिहिलंय की साखर हा शब्द फारसी शक्करवरून आला, ते जरा उलटं आहे बघा. मूळ संस्कृत शर्करा, आणि गंमत म्हणजे त्याचा जुना अर्थ खडे, वाळू, बारीक कंकर. म्हणून तर आयुर्वेदात मूतखड्याच्या बाबतीत पण शर्करा म्हणतात, गोडाशी काही संबंध नाही. तिथून प्राकृतात सक्करा, त्यातून आपली साखर, आणि फारसीत शकर, अरबीत सुक्कर, मग युरोपात जाऊन शुगर. ग्रीकमधलं साक्खारोन पण त्याच कुळातलं, त्यावरूनच सॅकरिन, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो कृत्रिम गोड पदार्थ. आमच्या देगलूरकडं तेलुगूवाले चक्केर म्हणतात, कन्नडवाले सक्करे, सगळी भावकीच.

पण माझा आवडता मुद्दा खंडाचा. संस्कृत खंड म्हणजे तुकडा, त्यावरून खडीसाखरेसारख्या साखरेला खांड, फारसीत त्याचं कंद झालं, अरबीतून युरोपात कँडी, आणि तेच कंद गुलकंद, कलाकंदात बसून परत आपल्याकडं आलं. सुरण, रताळ्याचा कंद वेगळा बरं का, आमच्या घरात यावरून जेवताना भांडण झालंय.