मदत हवी आहे: चौथीचा वर्ग, ४६ मुलं आणि एक फोन

ऐरोलीच्या_बाई

नमस्कार मंडळी.

दिघ्याकडच्या एका मराठी शाळेत शिकवते. यंदा चौथी मिळाली आहे. पटावर ४६, रोज हजर चाळीसच्या आत-बाहेर. निम्म्यांच्या घरी मराठी. बाकीच्यांच्या घरी हिंदी, भोजपुरी, तेलुगू, लमाणी. सकाळचे तास निभतात. मधल्या सुट्टीत खिचडी पोटात गेली आणि वरचा पत्रा तापला की पुढचे दोन तास माझ्या हातात राहत नाहीत. ओरडले की गप्प होतात, पाच मिनिटांनी परत तेच.

हाताशी काय आहे? देणगीत आलेला एक प्रोजेक्टर, माझा जुना लॅपटॉप आणि माझा फोन. वायफाय म्हणजे माझाच हॉटस्पॉट. "पालकांच्या फोनवर पाठवा" हे कृपया सुचवू नका, तो फोन बाबांबरोबर कामावर जातो.

मध्यंतरी व्हॉट्सअ‍ॅपवर "शिक्षकांसाठी १०० मोफत वेबसाइट" अशी यादी आली. अख्खा रविवार त्यात घातला. अर्ध्या ठिकाणी कार्डाचा नंबर मागतात, उरलेल्या ठिकाणी वर्कशीटवर बर्फाचा माणूस. दिघ्याच्या मुलांना बर्फ माहीत आहे तो गोळ्याचा. एका ठिकाणी सात दिवसांची फुकट मुदत घेतली, रद्द करायची राहिली आणि आठव्या दिवशी पैसे कापले गेले. घरात तो विषय अजून निघतो.

तेव्हा यादी नको. तुम्ही स्वतः वर्गात केलेलं एखादंच सांगा. फुकट हवं, मुलांच्या हाती फोन लागायला नको. कुठे फसलं तेही लिहा.

आणि एक. वाचनात मागे पडलेली दहा-बारा मुलं आहेत. खरी काळजी त्यांचीच आहे.

खोपटकर_सर

बाई, प्लिकर्स वापरून बघा. मी सहावीला वापरतो. साइटवरून कार्डं छापायची, प्रत्येकावर काळ्या चौकोनांची वेगळी नक्षी असते. कार्ड क्रमांक १ पहिल्या मुलाचं, २ दुसऱ्याचं, असं वाटून टाकायचं. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. उत्तर 'ब' असेल तर 'ब' वर येईल असं धरायचं. तुम्ही पुढे उभं राहून फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कोणाचं बरोबर कोणाचं चूक ते फोनवर दिसतं. कोपऱ्यातली अक्षरं बारीक असतात, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून फिरवता येत नाही. न बोलणारी मुलंही उत्तर देतात, मला तेवढं पुरतं.

साधा संच ४० कार्डांचा आहे. तुम्हाला ६३ चा लागेल.

फसलं कुठे, तर हौसेने चकचकीत लॅमिनेशन केलं. खिडकीचा उजेड पडला की कॅमेऱ्याला काही दिसेना. जाड कागदावर छापा आणि तसंच ठेवा.

चहा_बिस्किट

वाचतोय. बायको पाचवीला शिकवते, तिला धागा पाठवला.

जुना_ठाणेकर

आमच्या वेळी प्रोजेक्टर नव्हता आणि कॅमेराही नव्हता. गुरुजींची छडी होती, वर्ग चिडीचूप.

ऐरोलीच्या_बाई

काका, चिडीचूप कसं करायचं ते मलाही येतं. त्यानंतर काय करायचं ते विचारतेय.

कळव्याची_आजी

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. मला साइटबिट समजत नाहीत, पण शेवटच्या तासाला मुलांना उठवा एवढं सांगते. बसलेलं मूल पेंगतं नाहीतर चिमटे काढतं.

तुमच्या दारातूनच गाडी जाते. नऊ मुलांना ओळीत उभं करा: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. दहावं मूल गाडी. "घणसोलीच्या आधीचं कोण? ऐरोलीनंतर तिसरं कोण?" आधी-नंतर, डावं-उजवं, क्रमवाचक संख्या, सगळं त्यात येतं. मग विचारा, दोन स्टेशनांमध्ये पाच मिनिटं धरली तर ठाण्याहून वाशीला किती? बहुतेक जण ४५ म्हणतील. बरोबर-चूक काही बोलू नका, गाडीला चालायला लावा, पुढचं स्टेशन आलं की एक टाळी, आणि बाकीच्यांना त्या टाळ्या मोजू द्या. स्टेशनं नऊ, मधली अंतरं आठ. फळ्यावर हे दहा वेळा सांगून पोचत नाही. आमच्या वेळी दिघा गाव स्टेशन नव्हतं, ते २०२४ मध्ये झालं. म्हणजे आता जुनं आणि नवं असं वजाबाकीचं गणितही मिळालं.

पानं_उलटते

वाचनाबद्दल लिहिते. 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाची 'स्टोरीवीव्हर' ही गोष्टींची साइट उघडा. मराठी गोष्टी भरपूर आहेत आणि सोप्याकडून अवघडाकडे चार पातळ्या लावलेल्या आहेत. मागे पडलेल्यांना पहिली पातळी द्या, पण "ही पहिलीच्या मुलांची" असं चुकूनही म्हणू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने ते ऐकलं आणि महिनाभर पुस्तकाला हात लावला नाही. गोष्ट पीडीएफ म्हणून उतरवून ठेवता येते, वर्गात नेट लागत नाही. परवाना खुला आहे, मूळ नावं दिली की छापा, बदला, भाषांतर करा.

मी चित्रांवरचा मजकूर चिठ्ठ्यांनी झाकते. मुलं चित्र बघून आपलं वाक्य सांगतात, मी तेच फळ्यावर लिहिते, अगदी "त्याची मम्मी त्याला लय मारली" असलं तरी. दुसऱ्या दिवशी तीच वाक्यं वाचायला देते. आपलं बोललेलं असतं, त्यामुळे अडखळलं तरी सोडून देत नाहीत.

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक नेटवर फुकट आहेत. माझी आवडती जागा ती! कोडी, विनोद, चित्रं. रोज एक पान लावा.

काडी_आणि_नळी

अरविंद गुप्ता यांची साइट कुणी कशी सांगितली नाही? टाकाऊतून खेळणी, शेकडो, चित्रांसकट, मराठीतही पुस्तकं आहेत, सगळं फुकट. मी दरवर्षी एकच करतो: गूल काढलेल्या आगकाड्या आणि त्या जोडायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे, म्हणजे बारीक रबरी नळीचे, तुकडे. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबला तर हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. त्यात एक आडवी काडी कर्णासारखी बसवली की पुन्हा घट्ट. मग मुलांना शाळेबाहेरचा विजेचा टॉवर दाखवायचा आणि त्यात त्रिकोण मोजायला सांगायचे.

लॅपटॉप आहेच तर फेट (PhET) या गणित-विज्ञानाच्या फुकट साइटवरची अपूर्णांकांची खेळपाटीही उतरवून ठेवा, ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपबद्दल माझं मत: पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड आधी घरी स्वतः स्कॅन करून बघा, काही व्हिडिओ चांगले असतात, काहींनी मुलं आणखी पेंगतात.

ऐरोलीच्या_बाई

तीन आठवड्यांनी येतेय, माफी असावी. मध्ये माहिती भरण्याचा हंगाम होता, शिक्षकांना कळेल.

आजी, गाडी धावली! पहिल्या दिवशी "मी दिघा गाव" म्हणून सात जण भांडले. ४५ चं उत्तर सगळ्यांनी दिलं, मी गप्प. चालून झाल्यावर ज्या मुलाला पाढे येत नाहीत तोच ओरडला, "बाई, ठाण्याला तर गाडी उभीच होती, तिथे टाळी कशाला?" आता मुलांनीच तुर्भ्याला फाटा फोडून जुईनगर, नेरूळ लावलं आहे. शेजारच्या वर्गाची तक्रार आली आवाजाची. ती येऊ दे.

प्लिकर्स एकदाच जमलं. कार्डं छापायचा खर्च माझाच झाला, आणि मुलं बोटं नेमकी नक्षीवर ठेवतात. पुन्हा करणार, पण आठवड्यातून एकदा.

चिठ्ठ्यांचा प्रयोग रोज करते. वाचनात मागे असलेल्यांपैकी चौघं आता स्वतः सांगितलेली ओळ बोट ठेवून वाचतात. दोघींनी तेलुगू शब्द मध्ये घातले, मी ते देवनागरीत लिहून टाकले, वर्गाला ते फार आवडले. बाकीच्यांचं अजून काही हललेलं नाही, तिथे आणखी काही सुचलं तर सांगा.

आणि काडीवाले सर, मुख्याध्यापकांनी आगपेटी वर्गात आणायला मनाई केली आहे, त्यामुळे खराट्याचे हीर कापून आणले. व्हॉल्व्ह ट्यूब मात्र ऐरोलीत तीन सायकलवाल्यांकडे विचारली, तिघांनीही आता ठेवत नाही म्हणून सांगितलं. ठाण्यात कुठे मिळते का? नसेल तर तुम्ही तिच्याऐवजी काय वापरता?