कम्फर्टमध्ये गाडी डोलते, स्पोर्टमध्ये कंबर मोडते: मोडचा नेमका परिणाम कशावर होतो?

दारव्ह्याचा वावरवाला:
नमस्कार. दिवाळीनंतर मी वापरलेली, पण महागड्या वर्गातली फोर बाय फोर घेतली. हवेचे सस्पेन्शन आहे, वजन अडीच टनांच्या आसपास, आणि मोड, म्हणजे कम्फर्ट, स्पोर्ट, चिखल असे गाडीच्या वागण्याचे प्रकार, बदलायला गिअरजवळ गोल कळ आहे. वावरापर्यंत दोन किलोमीटर पांदण, पुढे ठिगळांचा डांबरी रस्ता आणि महिन्यातून दोनदा कारंजा लाडवरून समृद्धीने छत्रपती संभाजीनगर, असा माझा प्रवास असतो. समृद्धीवर ११० च्या वेगात पुलाच्या सांध्यावरून गेलो की कम्फर्टमध्ये गाडी दबते आणि दोन-तीन झोके घेऊनच स्थिरावते. मागे बसलेल्या आईला मळमळते. स्पोर्ट लावला तर झोके कमी होतात, पण गावाकडे प्रत्येक ठिगळ पाठीत कळते. गेल्या पावसाळी आठवड्यात पांदणीतून डांबरीवर आलो तेव्हा चिखलाचा मोड तसाच राहिला, आणि नेरच्या रस्त्यावरील वळणावर गाडी कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी जड वाटली. विकणाऱ्याने तर मोडने फक्त पिकअप बदलतो, असे सांगितले होते.

परतवाड्याचा चालक:
विकणाऱ्याने अर्धेच सांगितले. लँड रोव्हरने २००४ मध्ये डिस्कव्हरी ३ बरोबर टेरेन रिस्पॉन्स आणले, तेव्हापासून अशा गाड्यांत एकाच कळीने पेडलचा प्रतिसाद, गिअर बदलण्याची वेळ, सस्पेन्शनची उंची, डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोड) आणि चाके घसरू न देणारी यंत्रणा एकदम बदलतात. पुढे त्यात शॉकॲबसॉर्बर (झोके शमवणारी तेलाची नळकांडी) आणि स्टिअरिंगचा जडपणाही आला. इंजिनाची ताकद मात्र तेवढीच राहते. पेडल पाव दाबले तर किती जोर द्यायचा, एवढेच मोड ठरवतो, म्हणून स्पोर्टमध्ये गाडी चपळ भासते. चिखलदऱ्याचा घाट चढताना मी स्पोर्टच लावतो, कारण वळणात गाडी कमी कलते आणि गिअर उगाच वर जात नाही. पाऊस असेल तर गवत-खडीचा मोड बरा. पेडल मवाळ होते आणि ओल्या पाल्यावर चाक फिरू लागण्याआधीच जोर आवरला जातो. ब्रेकच्या बाबतीत मात्र कोणताही मोड वजन कमी करत नाही. ८० ऐवजी १२० ला धावणाऱ्या त्याच गाडीत सव्वादोन पट ऊर्जा असते आणि ती ब्रेकलाच पचवावी लागते.

अमरावतीचा मिस्त्री:
मोडचे वर्णन बरोबर आहे, पण मला दोन-तीन झोके खटकतात. कम्फर्ट म्हणजे मऊ, हे खरे. तरी चांगला शॉकॲबसॉर्बर गाडीला एका झोक्यात, फार तर दीड झोक्यात शांत करतो. स्पोर्टमध्ये आतल्या तेलाचा झडपमार्ग आवळला जातो, म्हणून झिजलेला शॉकही काही काळ बरा वाटतो आणि मालकाला दोष मोडचा वाटतो. त्यामुळे आधी मागच्या दोन्ही शॉकवर तेलाचा ओलसर थर आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते का, ते पाहा.

वळणावरच्या जडपणाचे कारण वेगळे आहे. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वाट कापतात आणि हा फरक मधले डिफरन्शियल सोडवते. चिखलात ते मुद्दाम आवळले जाते. माती थोडी सरकते, म्हणून तिथे ते चालते. डांबर सरकत नाही, त्यामुळे ताण टायरवर आणि गिअरपेटीवर येतो. शिवाय त्या मोडमध्ये गाडी उंच राहिली असेल, तर वळणात कलणारच. पांदण संपली की थांबा, टायरच्या खाचांतली काळी माती काढा आणि तेव्हाच कळ फिरवा. खाचा भरलेल्या असतील तर ओल्या डांबरावर कोणताही मोड पकड देऊ शकत नाही.

दारव्ह्याचा वावरवाला:
भाऊ, आज गाडी रॅम्पवर घेतली. मागचा उजवा शॉक तेलाने माखलेला आहे, डावा कोरडा आहे. एकच बदलला तर चालेल का? किंमत ऐकून पराटीचे (कपाशीचे) दोन वेचे आठवले.

अमरावतीचा मिस्त्री:
जोडीनेच बदला. एक नवा आणि एक जुना असेल तर डावीकडच्या आणि उजवीकडच्या वळणात गाडी वेगवेगळी वागेल. नवे बसल्यावर त्याच पुलावरून आधी कम्फर्टमध्ये जा आणि झोके मोजून इथे कळवा.