रोज खिशात ठेवायला चाकू हवाय. डावखुरी आहे आणि नखं नाहीत

डावखुरी

विषय किरकोळ आहे, पण दोन चाकू घेऊन पस्तावलेय. तिसऱ्याच्या आधी विचारलेलं बरं.

मी पुस्तकांची बांधणी करते. दिवसातून वीस-पंचवीस वेळा चाकू लागतो. कधी खोक्यावरची टेप, कधी सुतळी, कधी जुन्या शिवणीचा दोरा, कधी पुठ्ठ्याची कड. मोठा कटर टेबलावर आहेच, पण मी ज्या टोकाला उभी असेन त्याच्या बरोब्बर विरुद्ध टोकाला तो असतो.

पहिला चाकू घेतला तो किल्ल्यांना अडकवायचा, ५८ मिमीचा. खिशात आहे हे कळत नाही ही त्याची खुबी, पण हातात घेतला तरी कळत नाही. चिमटीत धरावा लागतो आणि पुठ्ठ्यात जरा जोर दिला की चिमटीतल्या चिमटीत फिरतो. शिवाय पातं उघडायला नख अडकवायची ती खाच! सरस आणि खळ नखांत बसते म्हणून मी नखं मुळापर्यंत कापते. खाच आहे तीही उजव्या हातवाल्यांच्या सोयीची. दर वेळी चाकू उलटा करून धडपडायचं.

मग चिडून मोठा घेतला. १५० ग्रॅमचा, धातूच्या मुठीचा, खिशाला अडकवायची क्लिप असलेला. दुकानात हातात घेतला तेव्हा काय भारदस्त वाटला! माझे खिसे पातळ कापडाचे. जिना उतरताना तो मांडीवर आपटतो. आणि सलग दहा-बारा पुठ्ठे कापले की अनामिकेच्या मुळाशी लाल वळ उठतो. फोडच आला एकदा.

तर ८० ग्रॅमच्या आत, पातं ७-८ सेंमी, डाव्या हाताने आणि नखाशिवाय उघडणारा असा काही असतो का?

घडीबाज

ओपिनेल ८ नंबर, फ्रेंच घडीचा चाकू. विषय संपला.

सहाणेवरचा

घडीबाज, तुमचा विषय नेहमी एका ओळीत संपतो. ताईंना नखं नाहीत आणि ओपिनेलला नखाचीच खाच आहे, एवढं तरी वाचा.

ताई, मी लोकांच्या चाकूंना धार लावतो, त्यामुळे हाताखालून बरेच जातात. ज्यांची मूठ झिजून गुळगुळीत झालेली असते ते चाकू वापरातले. ज्यांच्या फक्त क्लिपवर ओरखडे असतात ते नुसते बाळगलेले. दुसऱ्या प्रकारचे खूप जास्त येतात. खिशाला सोयीचा आणि हाताला सोयीचा हे दोन वेगळे चाकू असतात. खिशाला चपटा, हलका, आखूड हवा. हाताला गोल, जाडसर, चारही बोटं मावणारा हवा. दुकानात आपण तो दोन मिनिटं हातात खेळवतो, उघडतो, मिटतो. कापत काहीच नाही. त्यामुळे वजनालाच आपण आराम समजतो.

तुमचा वळ बहुतेक क्लिपचा आहे. उजव्या हातात ती ज्या बाजूला येते, डाव्या हातात त्याच्या उलट येते, पण कुणाच्या ना कुणाच्या तरी मांसात ती रुततेच. मिटलेला चाकू घट्ट मुठीत आवळा, तीस मोजा, मूठ उघडा. तळहातावर जिथे खूण उमटेल तिथेच पुढे फोड येणार. चाकू विकत घ्यायच्या आधी हे कुठेही करता येतं, दुकानदार फार तर बघत राहील.

पात्याच्या जाडीचंही बघा. पुठ्ठा टेपसारखा नाही. ३ मिमी जाडीचं पातं धार कितीही लावली तरी पुठ्ठ्यात पाचरीसारखं अडकतं आणि मग तुम्ही मनगटाने जोर लावता. दीड-दोन मिमीचं पातं, पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतरत गेलेलं, निम्म्या जोरात जातं. हात दुखण्याचं अर्धं कारण इथे असतं आणि लोक मुठीला दोष देतात.

आता डाव्या हाताचं. लॉकचा खटका कुठे आहे ते आधी पाहा. लायनर लॉकमध्ये आतली पट्टी बाजूला ढकलायची असते, ती बहुतेक उजव्या अंगठ्याच्या हिशोबाने असते. डाव्या हातात तर्जनीने ओढावी लागते. पाठीवर मधोमध खटका असलेला, म्हणजे बॅक लॉक, दोन्ही हातांना सारखाच. आणि उघडायला पात्याला आरपार गोल भोक असलेला बघा. स्पायडर्को या अमेरिकन कंपनीने १९८१मध्ये ते आणलं. अंगठ्याचं मांस भोकात बसतं, नख लागतच नाही, डावं-उजवं काही नाही. त्यांचा डेलिका ७० ग्रॅमच्या आसपास आहे, पातं ७ सेंमीच्या थोडं वर, बॅक लॉक, आणि क्लिप काढून दुसऱ्या बाजूला लावता येते. किंवा सरळ काढूनच टाका. टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या टोकाचा पेचकस लागेल, साध्याने केलंत तर स्क्रूचं डोकं खराब होईल.

घडीबाज

बरं, दोन ओळी लिहितो. ओपिनेलची मूठ बीचच्या लाकडाची, गोल, टोकाकडे फुगलेली, क्लिप नाही, वजन ५० ग्रॅमच्या आत, पातं साडेआठ सेंमी आणि पातळ. तासभर कापा, हाताला काही होत नाही. पातं अडकवायची कडी १९५५पासून आहे, ती कुठल्याही हाताने फिरते. नखाचं म्हणाल तर मुठीच्या बाजूला पात्याजवळ कानशीने अर्धचंद्रासारखी खाच पाडा, पातं चिमटीत धरून उघडता येतं. बांधणी करणाऱ्या बाईला कानस काही नवी नाही.

डावखुरी

कानस आहे, घडीबाज! पण माझे हात दिवसभर खळीने ओले. लाकडी मूठ आणि पोलाद टिकेल?

घडीबाज

मूठ फुगते, खोटं कशाला सांगू. फुगली की पातं आतच रुतून बसतं. जुनी युक्ती म्हणजे मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकायचं, पातं थोडं वर उसळतं. पोलादाचं सोपं आहे. पात्यावर ‘कार्बन’ असेल तर ओल्या हाताने दुपारपर्यंत काळे डाग पडतील. ‘इनॉक्स’, म्हणजे न गंजणारं, लिहिलेला घ्या.

प्रवासी_७

जरा विषयांतर. रोज खिशात म्हणजे रोज खिशात, आपण विसरतो. मी विमानतळावर तपासणीच्या रांगेत खिशात हात घातला तेव्हा आठवलं. बॅग आधीच आत गेलेली. नऊ वर्षांचा चाकू डब्यात टाकून पुढे गेलो. प्रवासाच्या आदल्या रात्री खिसे रिकामे करा आणि चाकू चेक-इनच्या बॅगेत टाका. तसंच, लॉकचा चाकू खिशात चालतो की नाही हे देशागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंत धारेचा, बिनलॉकचा घडीचा चाकूच कारण न सांगता बाळगता येतो.

सहाणेवरचा

नऊ वर्षांचा! वाईट वाटलं वाचून.

डावखुरी

तीन आठवड्यांनी सांगायला आले.

विकत घेण्याआधी मी घरचाच उद्योग केला. उरलेले पुठ्ठे एकावर एक चिकटवून, शिकंज्यात दाबून सहा खोट्या मुठी बनवल्या. ९, १० आणि ११ सेंमी लांबीच्या, प्रत्येक लांबीत दोन जाड्या. कडा घासून गोल केल्या, पुढे कटरचं जुनं पातं खोचलं आणि प्रत्येकीने दहा-दहा पुठ्ठे कापले. मला वाटलं होतं लांबी महत्त्वाची. तसं नव्हतं. ९ सेंमीतही चारही बोटं मावली, फक्त करंगळी कडेला आली. फरक पडला तो जाडीने. ८ मिमीची मूठ पाचव्या पुठ्ठ्याला टोचायला लागली, १३ मिमीची दहाव्यालाही नाही. सहाणेवरचे म्हणतात ती तीस मोजायची परीक्षाही केली. दुसऱ्या चाकूची क्लिप तळहातावर अख्खी छापली गेली, स्क्रूंसकट.

शेवटी भोकाचा घेतला. पहिल्या दिवशी क्लिप काढली. आता तो खिशात आडवा होतो, म्हणून पुस्तकाच्या कण्याला लावतात त्या कापडाचं एक पाकीट शिवलं, त्यात उभा राहतो. खिशातली लव आणि दोऱ्याचे तुकडे बिजागरीत जायचे तेही थांबलं. अंगठा भोकात नीट बसायला चार दिवस लागले. मिटायला मात्र अजून दोन्ही हात लावते, भीती वाटते.

घडीबाज, ओपिनेल पण घेतला. टेबलावर असतो, अर्धचंद्र पाडलेला. पहिला अर्धचंद्र वाकडा गेला.

१५० ग्रॅमवाला आता ओल्या कण्यांवर वजन म्हणून ठेवते. त्याला अगदी बरोबर आहे तो.