नव्या डिझायरला सीट कव्हर: काळं, टॅन, बेज की आणखी काही? (बजेट 8 हजार, ठाणे)

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी नवी डिझायर घेतली, 2024च्या नोव्हेंबरात आलेलं मॉडेल. आतून काळा-बेज, कंपनीच्या सीट फिक्या बेज कापडाच्या. शोरूममध्ये बघताना छान प्रसन्न वाटलं होतं. आता ड्रायव्हर सीटच्या कडेला जीन्सचा निळा रंग उतरलाय आणि शेजारच्या हेडरेस्टवर आईच्या खोबरेल तेलाचं बशीएवढं वर्तुळ आहे. दोन महिन्यांत ही अवस्था.

कव्हर घालायचंच आहे. मला काळं हवंय. बायको म्हणते टॅन. आई म्हणते, "कशाला खर्च, जुनी चादर टाक." गाडी कासारवडवलीला सोसायटीत उघड्यावर असते, दिवसभर महापे एमआयडीसीत तीही उघड्यावरच. घरात पाच वर्षांचा मुलगा. बजेट 8 हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. कोणता रंग घेऊ?

निळी छत्री
काळा. डोळे झाकून काळा. धागा संपला.

खारघर टेकडी
काळा मुळीच घेऊ नका. मी 14 हजारांचं काळं आर्ट लेदर घातलं होतं. मे महिन्यात दुपारी वाशीहून निघताना बसलो की तवाच. ऑफिसातून एक फाइल न्यायचो मांडीखाली घालायला. बिस्किट कलर घ्या, आणि चांगला घ्या. 8 हजारांत काही येत नाही, 15 तरी धरा.

घोडबंदरकर
बजेट 8 आहे हो.

खारघर टेकडी
तेच म्हणतोय, थोडं वाढवा.

ऐरोलीचा बाळ्या
बिस्किट कलर?? दादा, त्यांची गाडी बिस्किट कलरचीच आहे, म्हणून तर धागा काढलाय.
माझा अनुभव: रंग कोणताही घ्या, पण कापड घेऊ नका. दिवाळ्याच्या बंदरावरून कोलंबी आणली, पिशवीला भोक होतं, मागच्या सीटवर ते पाणी मुरलं. शाम्पू केला, लिंबू लावलं, कॉफीची पावडर वाटीत ठेवली. तीन पावसाळे गेले, एसी लावला की अजून कोलंबी येते. रेक्झिन असतं तर फडक्याने पुसून मोकळा झालो असतो.

चिंच गूळ
बाळ्यादादा, कोलंबी कुठल्या भावाने मिळाली?

ऐरोलीचा बाळ्या
तेव्हाचा भाव आता सांगून काय उपयोग. आता पापलेटकडे बघायचेही पैसे लागतात.

पाचपाखाडी 602
रंगावर भांडण्याआधी एक महत्त्वाचं. तुमच्या गाडीला 6 एअरबॅग आहेत. त्यातल्या दोन पुढच्या सीटच्या पाठीतच असतात, दाराकडच्या बाजूला. तिथे शिवणीत एअरबॅग लिहिलेली छोटी पट्टी दिसेल, बघून घ्या. साधं कव्हर चढवलं तर ती बाजू पूर्ण बंद होते आणि वेळेला बॅग बाहेरच येणार नाही. एक तर ती कड उघडी ठेवलेलं कव्हर घ्या, नाहीतर तेवढीच शिवण कच्च्या दोऱ्याची असलेलं. आमच्या भावाच्या गाडीला एकाने "साहेब, सगळ्यांना हेच बसवतो" म्हणत बंद कव्हर चढवलं होतं. मी काढायला लावलं, तर मलाच म्हणाला तुम्ही नेटवर फार वाचता.
दुसरं, सीटखाली पिवळं कनेक्टर दिसेल, ती एअरबॅगची वायर. कारागिराला त्याला हात लावू देऊ नका. भावाच्या गाडीत त्याने ते ओढलं, मीटरवर एअरबॅगचा दिवा लागला, मग सर्व्हिस सेंटरला चक्कर.

निळी छत्री
पाचपाखाडी +1. पण रंग काळाच.

आजोबा 1952
आमच्या वेळी पद्मिनीला लाल रेक्झिन असायचं. उन्हात चटके बसायचे, घाम यायचा, कोणी तक्रार केली नाही. सत्तावीस वर्षं तेच रेक्झिन वापरलं. फाटलं तेव्हा रिक्षाची सीट शिवणाऱ्याकडून शिवून घेतलं. हल्ली गाडीपेक्षा गाडीच्या कपड्यांची काळजी जास्त.

कळव्याची सुगरण
आजोबा, लाल नको हो, मरून म्हणा. माझ्या नवऱ्याने मरूनच घेतलंय, डाग अजिबात दिसत नाही. मामलेदारची मिसळ पार्सल आणली होती, तर्री सांडली, आणि दोन दिवस कोणाच्या लक्षातच आलं नाही.

खारघर टेकडी
मरून म्हणजे रातराणी लक्झरी बस. पडदे पण लावून घ्या.

ऐरोलीचा बाळ्या
नाहीतर लग्नाच्या हॉलमधल्या नवरा-नवरीच्या खुर्च्या.

चिंच गूळ
दोन दिवस कळलं नाही ही मरूनची स्तुती आहे की घरच्यांच्या नाकाची तक्रार?

कळव्याची सुगरण
हसा. तुमच्या सीट बघायला येते एकदा.

उष्णतामापक
गरम होण्याबद्दल थोडं शास्त्र. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने 2011 मध्ये काळी आणि चंदेरी अशा दोन होंडा सिविक उन्हात शेजारी शेजारी ठेवून मोजमाप केलं होतं. चंदेरी छप्पर साधारण 60 टक्के ऊन परत फेकतं, काळं जेमतेम 5 टक्के. आतल्या हवेत फरक पडला 5 ते 6 अंशांचा. पण हा बाहेरच्या रंगाचा हिशेब झाला. सीटचा रंग आतली हवा फारशी बदलत नाही, हाताला किंवा मांडीला चटका किती बसतो ते बदलतो. तिथेही वस्तू कसली आहे याला महत्त्व आहे: काळं कापड काळ्या रेक्झिनइतकं चटकत नाही.
घोडबंदरकर, गाडी बाहेरून कोणत्या रंगाची?

घोडबंदरकर
पांढरी.

उष्णतामापक
मग अर्धं काम झालंय. समोरच्या काचेला फॉइलचं चकाकतं सनशेड लावत जा, दोन-तीनशे रुपयांत येतं, कव्हरच्या रंगापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

निळी छत्री
काचांना काळी फिल्म लावा ना सरळ.

पाचपाखाडी 602
सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये बंदी घातली आहे काळ्या फिल्मवर. माजिवड्याच्या सिग्नलला थांबवतील.

निळी छत्री
सगळे लावतात.

पाचपाखाडी 602
सगळे पावती पण फाडतात. नियम असा की पुढची-मागची काच 70 टक्के आणि बाजूच्या 50 टक्के उजेड आत सोडणाऱ्या हव्यात.

निळी छत्री
आमच्या सोसायटीत एक जण पोलिसात आहे, त्याची गाडी बघा एकदा.

तलावपाळी
फिल्मवर वेगळा धागा काढा प्लीज.
घोडबंदरकर, मी तुमच्याच रोडवर राहते, आनंदनगरला. काळं घेऊ नका, पण कारण गरमी नाही, धूळ. मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून या रस्त्यावर काळ्या सीट राखाडी दिसतात. सकाळी पुसावं तर संध्याकाळी मुलाच्या पँटच्या मागे पांढरा ठसा. माझं टॅन आहे, त्यात धूळ आणि चिवडा दोन्ही मिसळून जातात. जीन्सचा रंगही बेजइतका चढत नाही. बेजवरचा तो निळा मात्र जाणार नाही हे आत्ताच धरून चाला. मी सॅनिटायझरने घासला होता, निळा राहिला आणि वरचा मुलामाच निघाला.

खारघर टेकडी
बेजवर निळं जातं. माझं गेलं.

तलावपाळी
कशाने?

खारघर टेकडी
गाडी विकली.

चिंच गूळ
😄

पेणकर सून
पावसाळ्याचं कोणी बोललं नाही. आम्ही दर वर्षी पेणहून गणपती आणतो, मागच्या सीटवर पाट ठेवून. शाडूचा चिखल, ओले पाय, छत्र्या. स्वस्त रेक्झिनला जुलैत बुरशी येते, पांढरी पिठासारखी, शिवणीच्या खाचेत आधी. आणि दोन-तीन पावसाळ्यांत ते पापुद्रे सोडायला लागतं, कपड्यांना काळे तुकडे चिकटतात. घेताना उलटी बाजू बघा. मागे नीट विणलेलं कापड असेल तर टिकतं, नुसता फोम चिकटवलेला असेल तर नाही. नखाने कोपरा ओढून बघा, दुकानदार रागावला तर रागावू दे.

ऐरोलीचा बाळ्या
ताईंना अनुमोदन. आणि स्वस्तात हवं तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर जा. तिथे शेड कार्ड घेऊन बसलेत सगळे. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरू करायचं.

आजोबा 1952
जाण्या-येण्याचं पेट्रोल धरा.

खारघर टेकडी
डॅशबोर्डलाही बेज करून टाका कव्हरबरोबर, गाडी मोठी वाटते.

उष्णतामापक
हे अजिबात करू नका. डॅशबोर्डचा वरचा भाग बहुतेक गाड्यांत गडद असतो त्याला कारण आहे. फिका असला की उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं, रस्ता दिसत नाही. फिका टॉवेलही अंथरू नका.

खारघर टेकडी
माझ्याकडे पाच वर्षं होता. काही झालं नाही.

घोडबंदरकर
सगळ्यांचे आभार, खिल्ली उडवणाऱ्यांचेही. काल एका दुकानातून चार कतरणी मागून आणल्या, हाताच्या पंजाएवढ्या: काळी, टॅन, बेज आणि मरून. (मरून दुकानदाराने स्वतःहून दिली, म्हणे याचा माल पडून आहे.) आज रविवार, बारा वाजता ड्रायव्हर सीटवर चारही ओळीने मांडल्या, काचा बंद केल्या आणि दोन वाजता मुलाला घेऊन खाली गेलो. त्याला म्हटलं डोळे मीट, कोणता काळा ते हाताने सांग. त्याने काळ्याला आणि मरूनला एकच उत्तर दिलं, "आई गं". टॅनला "गं" नुसतं. बेजवर हात ठेवून राहिला. म्हणजे खारघरवाले बरोबर.

मग आईने प्रत्येकीवर तेलाचं बोट टेकवलं. रेक्झिनच असल्याने चारही पुसल्या गेल्या. धुळीसाठी बोनेटवर ठेवून गेटपर्यंत चक्कर मारून आलो. काळी हरली, तलावपाळी बरोबर. सगळं बघता टॅन घ्यायला हवं.

पण टॅन गाडीत ठेवल्यावर बायकोच म्हणाली, "विटा रचल्यासारखं दिसतंय." तिचाच रंग होता. काळ्याचा हट्ट मी सोडला होताच.

तलावपाळी
म्हणजे परत बेज??

घोडबंदरकर
मरून घेतलं. फक्त पुढच्या दोन सीट आणि सगळी हेडरेस्ट, दाराकडची एअरबॅगची बाजू उघडी, कारागीर काम करत होता तेव्हा मी त्या पिवळ्या कनेक्टरवर नजर ठेवून शेजारी बसलो होतो. 4,800 झाले, पडून असलेला माल म्हणून. मागे कंपनीचंच बेज राहिलं, त्यावर आईची चादर. चटका बसतो, मान्य. बसण्याआधी पाच मिनिटं दारं उघडी टाकतो. सनशेड 250ला घेतलं.

कळव्याची सुगरण
🙏 बसवाल्यांनो, वाचा.

खारघर टेकडी
पुढे मरून, मागे बेज, वर चादर. फोटो टाका, बघायचंय मला.

घोडबंदरकर
चादरीवर गुलाबी फुलं आहेत. फोटो नाही टाकत.

निळी छत्री
काळा घ्यायला हवा होता.

पेणकर सून
नखाने कोपरा ओढून बघितलात का?

घोडबंदरकर
बघितला. दुकानदार रागावला.

आजोबा 1952
त्या उरलेल्या तीन कतरणी परत केल्या का? बिचारा शोधत असेल.