'मला घरी जायचंय': स्थलांतरितांचं म्हातारपण (अनुभव धागा)

गवाक्ष:
चाळीस वर्षं त्याच घरात राहिलेलं, स्मृतिभ्रंश झालेलं माणूस दिवेलागणीला चपला घालून दाराशी उभं राहतं आणि म्हणतं, "मला घरी जायचंय." काल दुसऱ्या धाग्यावर हे वाक्य वाचलं आणि जुनं सगळं वर आलं. परमुलखात म्हातारं झालेल्यांचं 'घर' नेमकं कुठलं आणि आपण काय करू शकतो, यावर जाणत्यांनी लिहा. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफरने १६८८ साली बाझलच्या वैद्यकीय प्रबंधात घडवला, तोही आजाराचं नाव म्हणून. 'घरी परतणं' आणि 'वेदना' असे दोन ग्रीक शब्द जोडून.

रातवा:
"अहो, हेच तुमचं घर" असं म्हणू नका. वाद वाढतो, भीती वाढते. आधी शरीर बघा: लघवी लागलीय का, भूक आहे का, कुठे दुखतंय का, कपडा कमरेला काचतोय का. मग खोली. अंधार पडायच्या अर्धा तास आधी दिवे लावून पडदे ओढा. काळ्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब परक्या माणसासारखं दिसतं, त्याने माणूस बिथरतं. मग शेजारी बसून विचारा, "घरी कोण कोण असेल आत्ता?" उत्तरात बहुतेकदा आई असते, भावंडं असतात. साधारण दहा ते तिशीच्या वयातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यात ठसठशीत राहतात. ते घर पत्त्यावर जाऊन सापडायचं नाही.

आभाळमाया:
पडद्याचं माहीतच नव्हतं. आजच करते.

चिमणपाखरू:
+१ रातवा. भाषेचंही तसंच. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते, आईची टिकते. सांभाळणाऱ्यांसाठी वीसेक शब्दांचं कार्ड करा: दुखतंय, जळजळतंय, चक्कर, तहान, थंडी, संडास, नको, थांबा. एका बाजूला आजींच्या लिपीत, दुसऱ्या बाजूला तोच उच्चार सांभाळणाऱ्यांच्या लिपीत. अर्थ न लिहिता नुसता उच्चार दिला तर कार्ड पडून राहतं. डॉक्टरांकडे दुभाष्या म्हणून नातवंडांना नेऊ नका, लाजेखातर निम्मं सांगितलंच जात नाही.
आणि हो, 'भाषा गेली' म्हणण्याआधी कान तपासा. मळ, यंत्राची बॅटरी. गोंगाटात दुसरी भाषा आईच्या भाषेपेक्षा आधी कळेनाशी होते. (दार वाजतंय, पळते.)

मोडीवाला:
कागदांचं कोणी बोललं नाही. दोन देशांत मालमत्ता असेल आणि दोन मृत्युपत्रं करणार असाल तर सांभाळा. छापील मसुद्यात 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' अशी ओळ असते, तिने पहिल्या देशातलंही उडतं. 'फक्त या देशातील मालमत्तेपुरते' असं लिहून घ्या. मुखत्यारपत्र माणूस गेला की संपतं, आणि भान हरपल्यावरही चालेल की नाही हे त्या त्या कायद्यावर आहे, म्हणून आधीच विचारा. परदेशी कागदाला अपोस्टील (सही-शिक्का खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र) लागतं (५ ऑक्टोबर १९६१ चा हेग करार), पण दोन्ही देश करारात असतील तरच.

गवाक्ष:
आणि कायमचं परत जायचं म्हणणाऱ्यांना काय सांगता?

मोडीवाला:
आधी तीन महिने राहून बघा, तेही सर्वात वाईट ऋतूत. सुट्टीतलं गाव वेगळं असतं, तेव्हा सगळे भेटायला येतात. पाहुणे म्हणून उतरू नका, वेगळं राहून बिलं स्वतः भरा. दवाखान्यापर्यंत चालत किती वेळ लागतो, जिने किती, रात्री अडीचला कोण येईल, ते बघा. तोवर इथलं घर विकू नका. किती महिने बाहेर राहिलं की पेन्शन आणि उपचारांचा हक्क जातो, तेही लेखी विचारून घ्या. हयातीच्या दाखल्याची तारीख चुकली की पेन्शन थांबतं, आणि परत सुरू करून घ्यायला म्हाताऱ्या माणसाचे फार हाल होतात हो.

आभाळमाया:
थोडं अवांतर. जुन्या पत्र-कॅसेट आहेत, गावाकडून बोलून पाठवायचे त्या. आवाज दबका येतो. गेल्या का?

सुतारपक्षी:
नाही ताई, लगेच टाकू नका. फीत दिसते त्या उघड्या कडेला मधोमध इवलासा फेल्टचा तुकडा असतो, डिंक सुकून तो गळतो. फीत हेडला (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) टेकत नाही आणि आवाज दबतो. स्क्रूवाल्या रिकाम्या कॅसेटमध्ये फीत बदलून घ्या. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, चिकटलेले वेढे सुटतात. पहिल्या वाजवण्यातच कॉम्प्युटरवर उतरवा. आणि त्याआधी मागच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या टिकल्या मोडा, म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही.

आभाळमाया:
एकीची टिकली आधीच मोडलेली आहे!

सुतारपक्षी:
म्हणजे कोणीतरी ती जपायची म्हणूनच ठेवली होती. तिच्यापासून सुरू करा.