विषय: तुली ब्लॉकची सहल आणि साप-विंचू

फ्रान्सिसटाउनहून

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर इथे बोट्स्वानातल्याच तुली ब्लॉकला जायचं नक्की झालंय. तंबूत मुक्काम, बरोबर लहान मुलं. काल मागच्या अंगणातल्या विटा हलवताना खालून विंचू निघाला. काळपट, बोटाहून लांब. फोटो जोडला आहे. सासरे सध्या आमच्याकडे आले आहेत, मूळचे महाडजवळचे. ते म्हणाले, "काळा नि मोठा, म्हणजे इंगळी. ठणकेल, पण माणूस जायचा नाही. बारका लाल असता तर घाबरायचं." येताना त्यांनी विंचू चावल्यावर द्यायच्या प्राझोसिनच्या गोळ्या आणल्या आहेत आणि त्या सहलीला घेऊ म्हणतात. इथे मुरलेल्यांनी नीट सांगावं. सापांचंही सांगा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपलीकडे मला काही ओळखता येत नाही.

सेलेबी-फिक्वेहून

ताई,

आधी मुलांना त्या विटांपासून लांब ठेवा. फोटोतला विंचू पॅराब्युथस कुळातला आहे, बहुतेक त्यातली ट्रान्सव्हालिकस जात. बाबांचं म्हणणं कोकणात खरं आहे, पण इथे तेच घात करेल. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या या पट्ट्यातल्या सर्वांत विषारी विंचवांपैकी एक असा मोठा, काळाच असतो. त्याचा भाऊबंद ग्रॅन्युलेटस पिवळट-तपकिरी, आणि तोही तितकाच वाईट.

म्हणून रंग आणि आकार डोक्यातून काढून टाका. शेपूट आणि पुढचे चिमटे एकमेकांशी ताडून बघा. शेपूट जाड आणि चिमटे बारीक असतील, तर तो आपली सगळी भिस्त विषावर ठेवून आहे. चिमटे खेकड्यासारखे दणकट आणि शेपूट किडकिडीत असेल, तर तो भक्ष्य चिमट्यांनीच चिरडतो, विष सौम्य असतं. तुलीच्या खडकांच्या कपारीत हॅडोजेनिस नावाचा चपटा, वीतभर लांब विंचू दिसेल. बघून छाती दडपते, पण त्याचं विष माणसाला फारसं बाधत नाही. कोकणातला लाल विंचूही बारीक चिमट्यांचाच आहे, बाबांना दाखवा. खूण तिकडे आणि इकडे एकच आहे, आपण तिकडे रंगावर भागवत आलो एवढंच.

ट्रान्सव्हालिकस डिवचला तर नांगी शेपटीवर घासून खरखर आवाज करतो आणि कधी विषाची पिचकारीही मारतो. वाकून फोटो काढू नका, ते डोळ्यांत जातं. अतिनील टॉर्च आणा. त्या प्रकाशात विंचू हिरवट चमकतात. रात्री तंबूभोवती एक फेरी मारली की समजतं कोण कुठे आहे.

आता साप. इथला पफ ॲडर तुम्हाला पाहताक्षणी घोणशीची आठवण करून देईल: आखूड, जाडजूड, जोरात फुत्कारणारा. पाठीवर साखळी नसते, शेपटीकडे टोक असलेले इंग्रजी व्ही अक्षरासारखे पट्टे असतात. तो पायवाटेवर पडून राहतो, चाहूल लागूनही हलत नाही. संध्याकाळनंतर टॉर्चशिवाय चार पावलंही नकोत.

ब्लॅक माम्बा काळा नसतो. अंग करडं किंवा मळकट तपकिरी, काळं असतं ते तोंडाच्या आत, आणि ते दिसण्याइतके जवळ तुम्ही असाल तर फार जवळ आहात. लांब, सडपातळ, करडा, झपाट्याने जाणारा साप दिसला की मागे सरा, वाट द्या. पहारेकरी "मोकोपा" म्हणून ओरडला तर तो हाच.

हिरव्या सापांत लोक फार गोंधळतात. विषारी बूमस्लँगचा नर बहुधा हिरवा, मादी तपकिरी, म्हणजे इथेही रंग कामाचा नाही. डोकं आखूड आणि डोळा डोक्याच्या मानाने प्रचंड मोठा, ही त्याची खूण. ठिपक्यांचा हिरवा बुश स्नेक पूर्ण बिनविषारी. भिंतीवर पाली शोधत येतो आणि बूमस्लँग समजून मारला जातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बूमस्लँग चावला तर सुरुवातीला काही होत नाही, तासांनी रक्तस्राव सुरू होतो. शिकागोचे सर्पतज्ज्ञ कार्ल श्मिट यांना १९५७ मध्ये या सापाचं पिल्लू चावलं. त्यांनी आपली लक्षणं लिहून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. "बरं वाटतंय" म्हणून कुणाला थांबू देऊ नका.

मुलांसाठी एक खास. पहिल्या पावसानंतर जमिनीतून एक छोटा, काळपट, तुकतुकीत साप वर येतो, वाळ्यासारखा दिसतो. तो स्टिलेटो. तोंड न उघडता बाजूने दात बाहेर काढून चावतो, त्यामुळे मानेमागे धरलं तरी चावतोच. त्यावर प्रतिविष नाही. बोट गमावण्याची वेळ येते. छोटा साप उचलायचा नाही, हे मुलांकडून पाठ करून घ्या.

गाबोरोनहून

दादांनी ओळख उत्तम सांगितली. मी डॉक्टर म्हणून गोळ्यांबद्दल लिहिते.

बाबांना नमस्कार सांगा. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनने किती जीव वाचवले, याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण तो उपाय लाल विंचवाच्या विषावरचा. त्या विषाने रक्तदाब उसळतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं, आणि प्राझोसिन त्या उसळीला आवर घालतं. पॅराब्युथसचा त्रास मुख्यतः नसा आणि स्नायूंचा: लाळ गळणं, गिळता न येणं, अंग थरथरणं, मुलं सैरभैर होणं, शेवटी श्वास अडणं. त्याला जोहान्सबर्गला बनणारं विंचवाचं प्रतिविष आणि श्वासाला आधार लागतो. त्या गोळ्या इथे कुणालाही देऊ नका.

भारतातून सापाचं प्रतिविष आणायचा विचारही कुणी करू नये. ते आपल्या चार सापांच्या विषावर बनतं, माम्बा किंवा पफ ॲडरवर त्याचा भरवसा नाही. इथलं अनेक सापांवर चालणारं प्रतिविषही बूमस्लँगवर चालत नाही, त्याचं वेगळं असतं. म्हणून लांबून, झूम करून फोटो मिळाला तर उपयोग होतो. साप मारून आणू नका, त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. फोटो नसला तरी अडत नाही, लक्षणांवरून उपचार करता येतात. चिरणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं, काही नको. अंगठ्या-बांगड्या काढा, माणसाला चालू देऊ नका, गाडीत घाला.

आणखी एक. मोझाम्बिक स्पिटिंग कोब्रा, म्हणजे विष थुंकणारा नाग, रात्री झोपलेल्या माणसांना चावतो, विशेषतः जमिनीवर अंथरूण असेल तर. डोळ्यांत थुंकला तर चोळू नका, पंधरा-वीस मिनिटं पाण्याची धार धरा आणि दवाखाना गाठा.

फ्रान्सिसटाउनहून

दादा, डॉक्टर, मनापासून आभार. बाबांनी दोन्ही पत्रं वाचली आणि फोटो मोठा करून चिमटे पाहिले. गोळ्या घरीच राहतील. सगळ्यांना विनंती: फोल्डिंग खाटा आणि मच्छरदाण्या आणा, अंथरूण जमिनीवर टाकायचं नाही. बूट घोट्याच्या वर येणारे, आणि सकाळी झटकूनच पायात घालायचे. आफ्रिकन स्नेकबाइट इन्स्टिट्यूटचं मोफत ॲप निघण्याआधी फोनवर उतरवून घ्या. प्रतिविष जवळ कुठे मिळेल ते मी उद्या कॅम्पवाल्यांना आणि रुग्णालयांना फोन करून विचारते आणि इथेच कळवते. अतिनील टॉर्च कुणाकडे जादा आहे का?